इबेलिनचे सोबती

नोव्हेंबर २०१४. नॉर्वेतल्या ओस्लो शहरात रॉबर्ट आणि त्रूदे स्टेन यांचा मुलगा मात्स गेला. वय २५. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू शाबूत ठेवणारं एक प्रथिन शरीराला बनवताच येत नाही, आणि वर्षागणिक एकेक स्नायू साथ सोडत जातो. मात्सची व्हीलचेअर लहानपणीच आली. शेवटी शेवटी त्याची फक्त बोटं तेवढी हलत. घराच्या तळमजल्यातल्या खोलीत बसून ती बोटं तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळत. मुलगा गेल्याचं दुःख आईवडिलांना होतंच, पण त्याच्या तळाशी आणखी एक दुःख होतं. याला कधी मित्र मिळाला नाही, प्रेम मिळालं नाही, आपण कुणाच्या उपयोगी पडलो हे समाधानही मिळालं नाही, असं त्यांना वाटत होतं.

मात्स एक ब्लॉग लिहायचा आणि त्याचा पासवर्ड त्याने मागे ठेवला होता. वडिलांनी तिथे मुलाच्या निधनाची बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. कुणी वाचेल की नाही, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मग पत्रं येऊ लागली, युरोपातल्या कुठल्या कुठल्या देशांतून. लिहिणारे मात्सबद्दल बोलत होते, पण त्यांच्या ओळखीचा मात्स म्हणजे इबेलिन, गेममधला उमराव आणि गुप्तहेर. नेदरलँड्समधल्या एका मुलीचा कॉम्प्युटर आईवडिलांनी काढून घेतला होता, तेव्हा तिच्या बाजूने त्यांना पत्र लिहिणारा हाच. डेन्मार्कमधल्या एका आईला स्वमग्न मुलाला जवळ घेता येत नव्हतं. दोघं मिळून खेळा, गेममध्येच एकमेकांना मिठी मारा, हे तिला सुचवणाराही हाच. ज्याला स्वतःचा हात उचलता येत नव्हता, त्याने मायलेकरांची मिठी जुळवून आणली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं वाचू शकलो नाही.

न भेटता, न पाहता माणसं इतकी जवळ कशी येतात?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मैत्रीला लागणारा वेळ मोजायचा प्रयत्न केला. त्यांचा अंदाज असा, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग मित्र व्हायला २०० हून अधिक. त्यातही कामाच्या निमित्ताने शेजारी बसलेले तास फारसे धरायचे नाहीत. गप्पा, थट्टा, निरुद्देश रमणं यांतून मैत्री वाढते. मात्सने शेवटच्या दहा वर्षांत गेममध्ये घालवलेले तास हजारोंनी मोजावे लागतात. त्याच्या ‘स्टारलाइट’ या गटात लढाया कमी आणि गप्पा जास्त असत. गटाने जपून ठेवलेलं ते बोलणं सुमारे ४२,००० पानं भरतं. बेंजामिन री यांचा २०२४चा माहितीपट ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ त्याच्याच आधारे उभा राहिला.

दुसरा एक प्रयोग तर थक्क करतो. मानसशास्त्रज्ञ कॅटलिन मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना दोन अनोळखी व्यक्तींशी बोलायला दिलं, एकीशी समोरासमोर आणि दुसरीशी इंटरनेटवर टाइप करून. नंतर विचारलं, कोण जास्त आवडलं? कल टाइप करणाऱ्या व्यक्तीकडे होता. प्रत्यक्षात त्या दोन व्यक्ती नव्हत्याच. दोन्ही वेळा माणूस एकच होता!

चेहरा, आवाज, कपडे, बुजरेपणा हे सगळं बाजूला झालं की मनातलं लवकर ओठांवर, किंवा बोटांवर, येतं. पत्रमैत्रीची परंपरा असलेल्या आपल्याला हे नवं वाटू नये. माणसांची गर्दी टाळून धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा स्नेह मुख्यतः पत्रांतूनच वाढला. सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ मधली पत्रं वाचताना त्या स्नेहाच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका येत असेल, असं मला वाटत नाही.

अर्थात यात धोकाही आहे, आणि तो खरा आहे. समोरच्याचं जे दिसत नाही, ते आपण आपल्या मनाने भरून काढतो, आणि बहुतेक वेळा चांगलंच भरतो. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६मध्येच हे मांडलं होतं. प्रेमाचं नाटक करून पैसे उकळणारे भामटे याच रिकाम्या जागेत घुसतात. मात्सलाही आडोशाची किंमत मोजावी लागली. तो माइकवर बोलत नसे, कॅमेऱ्यासमोर येत नसे, गटाच्या भेटींना जात नसे. आजार त्याने अनेक वर्षं लपवला आणि त्यातून गैरसमज झाले, माणसं दुखावली. पुढे त्याने ब्लॉगवर सगळं उघड लिहिलं. त्यानंतरही मित्र मित्रच राहिले. माझ्या लेखी खरेपणाची यापेक्षा मोठी परीक्षा नाही.

अंत्यसंस्काराला स्टारलाइटची काही माणसं परदेशांतून ओस्लोला आली. त्यांच्यातला एक जण बोलायला उभा राहिला. आपण इथे जमलो असताना नेदरलँड्समधल्या एका वर्गात, आयर्लंडमधल्या एका कॉल सेंटरमध्ये, स्वीडनमधल्या एका ग्रंथालयात मात्ससाठी मेणबत्ती जळते आहे, असं त्याने सांगितलं. मुलाचे हे सोबती आईवडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा भेटले.

तुमच्याही घरात कुणी रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून खेळत असेल. किती वेळ खेळतोस, हे तुम्ही विचारताच. आज एवढं करा, कोणाबरोबर खेळतोस हेही विचारा, आणि त्यांची नावं लक्षात ठेवा.