मुंबई–इंग्लंड आगबोट प्रवास
सातव्या एडवर्डच्या कारकीर्दीतील (१९०१–१०) मुंबई–इंग्लंड प्रवास मुख्यत्वे ‘पी. अँड ओ.’ कंपनीच्या टपाल-आगबोटींतून होई. सुएझ कालव्यामुळे (१८६९) आफ्रिकेचा वळसा टळला होता. एडन, पोर्ट सैद व मार्से ही वाटेतील प्रमुख बंदरे होत. घाईचे प्रवासी मार्सेला उतरून पुढे आगगाडीने जात. वि. दा. सावरकर ९ जून १९०६ रोजी ‘पर्शिया’ बोटीने मुंबईहून निघाले. कैदी म्हणून ‘मोरिया’तून परत आणले जात असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेच्या बंदरात उडी घेतली.

समुद्रगमन आणि प्रायश्चित्त यांविषयीचा वाद मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू प्रवाशांचा होता. त्याच बोटींवर रत्नागिरीकडील मुसलमान खलाशी व गोमंतकीय ख्रिस्ती सेवक पोटासाठी वारंवार समुद्र ओलांडीत. त्यांची चर्चा कोणी केली नाही. १९०६ च्या ब्रिटिश नौवहन अधिनियमाने बोटीवर प्रत्येक खलाशामागे १२० घन फूट राहण्याची जागा ठरविली, पण तीतून लस्करांना, म्हणजे भारतीय खलाशांना, वगळले. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने ‘पर्शिया’ बुडविली. मृतांत असे खलाशीही होते.