ट्रायल्समधील डावे वळण, उजवे वळण

ट्रायल्स हा मोटारसायकलवरच्या तोलाचा खेळ आहे. दगडधोंडे, ओढे आणि झाडांची मुळे यांतून आखलेल्या अरुंद वाटेने, पाय न टेकता गाडी न्यायची असते. पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३. पडल्यास किंवा हद्द ओलांडल्यास ५. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. वाट डावीकडे वळणार की उजवीकडे, हे आखणारा ठरवतो. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला होणाऱ्या सहा दिवसांच्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये रोज सुमारे ३० टप्पे पार करावे लागतात. तिथे एका बाजूचे वळण कच्चे असेल, तर त्याची किंमत रोज मोजावी लागते.

ट्रायल्सच्या गाडीचे वजन साधारण ७० किलो असते, बसायला सीट जवळजवळ नसतेच आणि स्वार सतत फूटरेस्टवर उभा असतो. रस्त्यावर वेगात वळताना स्वार गाडीबरोबर आत झुकतो. चालण्याच्या वेगाने वळताना मात्र गाडी आत झुकवायची आणि शरीर बाहेरच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे दोघांचा मिळून भार चाकांच्या रेषेवर राहतो. उजवीकडे वळताना डाव्या पायावर वजन, डावीकडे वळताना उजव्या पायावर. गाडी अशी झुकवून हँडल पूर्ण वळवले की अगदी थोड्या जागेत वळण बसते.

कृती आरशातल्यासारखी उलट होते, पण गाडीची रचना तशी नाही. अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताशी, क्लच डाव्या हाताशी, मागचा ब्रेक उजव्या पायाशी. हँडल पूर्ण उजवीकडे वळले की उजवी मूठ पोटाजवळ येते, मनगट दुमडते आणि नकळत अ‍ॅक्सिलरेटर पिळला जाऊन गाडी झटका देते. त्याच वेळी डावी मूठ लांब जाते आणि क्लचवरचे बोट अपुरे पडते. डाव्या वळणाची अडचण वेगळी: सगळे वजन उजव्या पायावर असते आणि त्याच पायाने ब्रेक हलकेच दाबायचा असतो. शिवाय स्टँड डावीकडे असल्याने गाडीवर डावीकडूनच चढण्या-उतरण्याची सवय असते. त्यामुळे अनेकांना डावीकडे झुकणे सुरक्षित वाटते, उजवीकडे झुकताना अंग आखडते.

सुधारणेची सुरुवात इंजिन बंद ठेवून करावी. गाडी जागेवर उभी ठेवून फूटरेस्टवर उभे राहायचे, हँडल एका टोकाला वळवून तोल सांभाळायचा, मग दुसऱ्या टोकाला. बहुतेकांना एकच बाजू साधते. दुसरीलाच जास्त वेळ द्यावा. त्यानंतर सपाट गवतावर पहिल्या गिअरमध्ये मोठी वर्तुळे काढत ती हळूहळू लहान करावीत. उजव्या वळणाआधी उजवे कोपर वर उचलून मूठ नव्याने धरली की मनगट मोकळे राहते. वेग क्लचने सांभाळावा, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवावा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे न्यावी. खांदे आणि कंबर आपोआप तिकडे वळतात.

दोन्ही बाजू जोडण्यासाठी इंग्रजी आठचा आकडा उत्तम. लायसन्ससाठी आरटीओच्या परीक्षेत काढावा लागतो तोच, फक्त उभ्याने आणि कितीतरी आखूड. दोन दगड ठेवून त्यांभोवती फिरले की मधल्या ठिकाणी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याचा खरा सराव होतो; चुका बहुतेक तिथेच घडतात. दोन्ही वर्तुळे सारख्या मापाची पडू लागली की तेच काम उतारावर न्यावे. तिथे चढाकडे वळताना इंजिनाचा जोर लागतो आणि उताराकडे वळताना ब्रेकवरचा ताबा, म्हणून दोन्ही दिशा स्वतंत्रपणे घोटाव्या लागतात. कच्च्या बाजूचा सराव सुरुवातीलाच, अंग ताजे असताना करावा. थकलेले शरीर सोयीच्या बाजूकडेच वळते आणि कच्ची बाजू कच्चीच राहते.