डीबीटी म्हणजे काय? बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये तिचा उपयोग कसा होतो?

कुणी आपल्याला सोडून जाईल ही सततची धास्ती, टोकाचा राग, स्वतःला इजा करणं. अशा माणसाला 'नाटकी' म्हणून घरचे मोकळे होतात. पण ही बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरची लक्षणं असू शकतात. निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचं, रील पाहून नव्हे.

या विकारासाठी खास मंजूर झालेलं औषध नाही. मुख्य उपचार म्हणजे थेरपी. त्यातली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (डीबीटी) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या थेरपीनंतर स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झालेले दिसले.

यात काय असतं?

- दर आठवड्याला थेरपिस्टसोबत स्वतंत्र भेट
- गटात कौशल्यांचा सराव: सजगता, असह्य क्षण निभावणं, भावना सांभाळणं, नात्यात आपलं म्हणणं नीट मांडणं
- अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन

उपचार साधारण वर्षभर चालतात. 'तू आहेस तसा मान्य आहेस, तरी बदलही हवा' हा त्यामागचा विचार.

किशोरवयात आपणही स्वतःला इजा करायचो आणि मनोरुग्णालयात होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

मदत हवी असल्यास टेली मानस हेल्पलाइन: १४४१६. ती मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.