मानमोडी व तिचें निदान

यवतमाळ जिल्ह्यांत कापूस व तूर हीं शेतकऱ्याचीं मोठीं पिकें. तथापि आठवडी बाजारांतील मीठमिरचीचा खर्च पुष्कळ घरीं बायकांनीं पाळलेल्या कोंबड्याच भागवितात. ह्या कोंबड्यांत मरी शिरली म्हणजे गांवकरी तिला सरसकट मानमोडी म्हणतात, आणि उरलेले पक्षी घाईनें बाजारांत विकतात. एका गांवचा रोग दुसऱ्या गांवीं नेण्यास ह्याहून सुलभ मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

खरी मानमोडी म्हणजे राणीखेत हा विषाणुजन्य रोग. इ. स. १९२७ मध्यें कुमाऊंतील राणीखेत येथें आढळल्यावरून त्यास हें नांव पडलें. पक्षी चोंच उघडून धापा टाकतो, हिरवट-पांढरें हगतो, पुढें पंख व पाय लुळे पडून मान पिळली जाते. शवविच्छेदनांत जठराच्या आंतील बाजूस रक्ताचे ठिपके दिसतात. देवी हा रोगहि विषाणूचाच. पण त्यांत तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या धरतात, तो घरची बाईहि ओळखूं शकते.

बर्ड फ्ल्यूचें तसें नाहीं. केवळ डोळ्यांनीं तो राणीखेताहून निराळा ओळखणें पशुवैद्यासहि कठीण. इ. स. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील त्याची पहिली साथ उघडकीस आली. तेथील कोंबडीपालक तीस राणीखेतच म्हणत होते, निर्णय झाला तो भोपाळच्या प्रयोगशाळेंत. म्हणून एकाएकीं बरेच पक्षी मेल्यास शव घरीं चिरूं नये, उघड्या हातानें शिवूं नये, उकिरड्यावर टाकूं नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ वर्दी द्यावी. इ. स. २००९ च्या कायद्यानें तें मालकाचें कर्तव्यच आहे. शिवाय भरपाई मिळते ती सरकारनें मारविलेल्या पक्ष्यांची, आधींच मेलेल्यांची नव्हे. तेव्हां लपविण्यांत तोटा मालकाचाच.

राणीखेतास औषध नाहीं, लस आहे. पिलूं आठवड्याचें होतांच लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत वा नाकपुडींत घालावा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस पंखाखालीं टोंचावी. दोन्ही निरोगी पक्ष्यांसच. लस बर्फांतून आणावी, उन्हास दाखवूं नये, कालविल्यावर दोन तासांत संपवावी. आमच्याकडील वैशाखांत पांढरकवड्याहून पोडावर पोंचेतों ती तापली, तर टोंचलें तें नुसतें पाणीच समजावें. एका बाटलींत शंभर वा अधिक मात्रा, आणि घरीं कोंबड्या सहासात. याकरितां गांवानें एकच दिवस ठरवावा व पहाटे, खुराडीं उघडण्यापूर्वीं, सर्वांचे पक्षी एकदम टोंचून घ्यावे.