मधुमेह, मोबाइल आणि आपली घरे

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता इतिहासजमा झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असून, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशा काळात दंडावर चिकटवलेली इवलीशी चकती शरीरातील साखरेचा चढउतार क्षणोक्षणी मोबाइलवर दाखवते, हे विज्ञानाचे वरदानच म्हणावयाचे. परंतु वरदान देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये काय काय आडवे येते, ते पाहावयाचे असेल तर आमच्या गोकुळ रोडसारख्या वस्तीत यावे.

येथे विमानतळ आहे, कारखाने आहेत, परिवहन महामंडळाची कचेरी आहे. आणि १९५६ पूर्वी, धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असतानाच हुबळीत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचे वंशजही आहेत. मोबाइल बहुतेक घरी आहे. मग अडते कोठे?

पहिली अडचण पैशाची. ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो. स्ट्रिप मात्र प्रत्येक तपासणीस नवी लागते. दंडावरच्या प्रचलित चकत्या तर दहा-पंधरा दिवसांत बदलाव्या लागतात. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास हा खर्च पेलावा कसा?

दुसरी अडचण भाषेची. आमच्या घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि मोबाइलमध्ये बहुधा इंग्रजी! न्याहारीस किती कप 'सीरियल' घेतले, असे यंत्र विचारते. ज्वारीची भाकरी आणि झुणका खाणाऱ्या आजींनी काय उत्तर द्यावे? शेजारच्या कानडी अज्जींची अडचणही हीच. त्यातून मोजमापे दोन: एका पद्धतीत जी साखर १८०, तीच दुसऱ्या पद्धतीत १०. यंत्रातील एककाची निवड चुकली, तर वाढलेली साखर घटल्याचा भास व्हावयाचा.

तिसरी अडचण आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. मोबाइल घराचा असतो, आजींचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के आढळले. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धेची साखर रात्री एकाएकी उतरली आणि इशारा देणारा मोबाइल नातवाच्या उशाशी, आवाज बंद करून ठेवलेला असला, तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय? प्रश्न सोयीचा नव्हे, जिवाचा आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील ५३७ पुरुषांवरील एका प्रयोगात आहार-व्यायामाची आठवण देणारे साधे लघुसंदेश दोन वर्षे पाठविले गेले. संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह जडला. साधन साधे होते, पण ते माणसापर्यंत पोहोचले, हे महत्त्वाचे.

वाचकहो, हे पोहोचविण्याचे काम घरातील तरुणांनी अंगावर घ्यावे. आठवड्यातून एकदा आजी-आजोबांजवळ बसून मोबाइलमधील आकडे मराठीत, ठळक अक्षरांत वहीत उतरवावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. साखर ७० च्या खाली गेल्यास, शुद्ध असेपर्यंत, तीन चमचे साखर पाण्यात कालवून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. यंत्र आकडा सांगेल. त्या आकड्याची काळजी मात्र माणसानेच वाहावयाची आहे.