कॉकपिटमध्ये एवढे स्क्रीन, मग धुक्यात शिर्डीची विमानं का अडली?

धुकं पडलं तरी पुणतांब्याहून शिर्डीला जाणारी रेल्वे उशिरा का होईना, पोहोचते. तिला रूळ आहेत. विमानाला नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे शिर्डी विमानतळावरची उड्डाणं अनेक दिवस रद्द झाली होती. विमानात इतकी यंत्रं असताना असं का झालं?

स्क्रीनवर काय दिसतं?
वैमानिकासमोरच्या मुख्य स्क्रीनवर डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि मध्ये क्षितिज असतं: वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन. समोरून आदळणाऱ्या हवेच्या दाबावरून पिटो ट्यूब वेग मोजते. वर जावं तसा हवेचा दाब घटतो, त्यावरून उंची कळते. म्हणूनच कंट्रोल टॉवर वैमानिकाला त्या वेळचा दाब कळवतो. त्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंची सुमारे ३० फुटांनी चुकते. विमान किती कललंय, हे जायरो सांगतो.

मग अडलं कुठे?
विमान धावपट्टीच्या नेमक्या रेषेत आहे का, हे यातून कळत नाही. त्यासाठी विमानतळावर आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम लागते. तिचा एक रेडिओ संकेत डावं-उजवं दाखवतो, तर दुसरा साधारण ३ अंशांचा उतार. शिर्डीत तेव्हा ही यंत्रणा नव्हती. वैमानिकाला डोळ्यांनी पाहूनच उतरावं लागायचं आणि त्यासाठी ५ किलोमीटरपर्यंतचं दिसणं गरजेचं होतं.

त्यामुळे धुक्यात फ्लाइट रद्द झाली, तर विमानातच बिघाड असेल असं नाही. कधी कधी कमतरता जमिनीवर असते.