पहिली डिस्क आधी सोडवा

जुन्या संगणकाला नवी प्रणाली : भाग सहावा

गेल्या भागात एसएसडीची खरेदी झाली. अडीच इंची, साटा जोडणीची, 240 किंवा 256 जीबीची. आता ती बसवायची आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकायचं. जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज 10 मात्र पुसायचं नाही. ‘फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला यवतमाळात कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात फुकट मिळतो. पण दारव्ह्याला, दिग्रसला किंवा घाटंजीला सेवा केंद्र चालवणाऱ्याला तो परवडत नाही. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, टायपिंगच्या परीक्षेच्या सरावाचं सॉफ्टवेअर, यातलं बरंचसं विंडोज गृहीत धरूनच बनवलेलं असतं.

दुसरीकडे, मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरासाठी दिलेली जादा मुदत 13 ऑक्टोबर 2026पर्यंतची. विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे अजून इमानाने चालणाऱ्या चौथ्या पिढीच्या आय3ला त्या यादीत जागा नाही. म्हणून ही वाटणी : बँक, मेल, ब्राउझर नव्या डिस्कवर, अंगठ्याची कामं तेवढी जुन्या डिस्कवर.

या भागातली मुख्य सूचना एकच. नवी प्रणाली टाकताना कॅबिनेटमध्ये नवी डिस्क तेवढी जोडलेली असावी. जुनीची वायर काढून ठेवायची.

‘पण भाऊ, मी तर दुसऱ्या डिस्कवर टाकून राहिलो, पयलीले काय होते?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि रास्तही आहे. पयलीले तसं काही होत नाही, फटका दुसरीला बसतो. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात प्रणाली सुरू करणाऱ्या फायली एका छोट्या, वेगळ्या विभागात राहतात. विंडोज 10 हा विभाग साधारण 100 एमबीचा करतं. मिंटच्या इन्स्टॉलरला पहिल्या डिस्कवर असा विभाग आयता दिसला, की तो स्वतःच्या सुरुवातीच्या फायलीही तिथेच ठेवून देतो. बूटलोडर कुठे टाकायचा या चौकटीत तुम्ही दुसरी डिस्क निवडली असली तरीही! नव्या घराची किल्ली जुन्या घराच्या खुंटीला टांगावी, तसा हा प्रकार. विंडोजचा इन्स्टॉलरही यात मागे नाही.

सगळं सुरळीत चालतं, म्हणून महिनोन्महिने हे कळत नाही. मग एके दिवशी जुनी हार्ड डिस्क बसते. आणि आधी बसणार ती तीच. मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45ला टेकतो, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त तापतं, आणि फिरत्या तबकड्यांच्या बहुतेक घरगुती डिस्कची कामाची मर्यादा साधारण 60 अंशांची असते. ती गेली की ठणठणीत एसएसडीवरचं मिंटही सुरू होत नाही. दुकानदार म्हणतो, दोन्ही गेल्या. गेलेली असते एकच.

तर क्रम असा. विंडोज चालू असतानाच मिंटची फाइल उतरवून घ्या. ती तीन जीबीच्या आसपास आहे. संकेतस्थळावर दिलेल्या शा-256 आकड्याशी ती ताडून पाहा, कारण मोबाइलच्या नेटवर उतरवताना ती अर्धवट राहण्याची शक्यता बरीच. मग रुफस किंवा एचर वापरून ती 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय लिहिलंय की लेगसी, तेही आताच पाहून कागदावर टिपा. नवी प्रणालीही त्याच पद्धतीने टाकली, तर पुढे बायोसमध्ये वारंवार उलथापालथ करावी लागत नाही. शेवटी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून ती डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

आता बोर्डावरचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते. जुन्या डिस्कची अरुंद डेटा-केबल ओढून काढा, तेवढं पुरतं. नव्या डिस्कला मदरबोर्डवरच्या मोकळ्या पोर्टातून दुसरी केबल द्या. पॉवर सप्लायला साटाचं मोकळं टोक नसेल, तर चार पिनांवरून साटा करून देणारा स्वस्त कन्व्हर्टर दुकानात मिळतो. साच्यात ओतलेल्या बनावटीचे असे कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन वितळू शकतात. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, तसला ओतीव घेऊ नका.

संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा : डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला बहुधा एफ12, एचपीला एफ9, एमएसआयला एफ11. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला आणि तुमच्या कागदावर यूईएफआय लिहिलेलं असेल, तर नावाआधी यूईएफआय असलेली ओळ निवडा. इन्स्टॉलरने विचारलं, की ‘डिस्क पूर्ण पुसा’ हा पर्याय बिनधास्त द्या. समोर एकच डिस्क आहे, चुकून दुसरी पुसली जायची सोयच नाही. मधेच लाइन गेली आणि यूपीएसने दगा दिला, तरी नुकसान अर्ध्या तासाचं. पुन्हा पहिल्यापासून टाका. केंद्रातली वर्षानुवर्षांची कागदपत्रं असलेली डिस्क शेजारी वायरीविना पडून आहे, तिला काहीही झालेलं नाही.

मिंट नव्या डिस्कवरून स्वतःच्या पायावर सुरू झालं, की संगणक बंद करून जुनीची केबल पुन्हा जोडा. बायोसमध्ये नवी डिस्क पहिली ठेवा, आणि विंडोज हवं असेल तेव्हा तीच बूट मेनूची कळ दाबा. दोन्ही प्रणालींचा एकत्र मेनू करण्याची हौस अनेकांना असते. माझं मत विरुद्ध आहे, कारण तसा मेनू केला की वेगळ्या ठेवलेल्या डिस्क पुन्हा एकमेकींत गुंततात.

लॅपटॉपवाल्यांनी डीव्हीडीचा ड्राइव्ह काढून तिथे कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवायची. कॅडी 9.5 आणि 12.7 मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, आधी मोजून घ्या. एसएसडी मूळच्या जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, असं ठेवा. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागेचं पोर्ट संथ असतं. कॅडीतून बूटच न होणारे लॅपटॉपही आहेत, तेव्हा विंडोज तिथून सुरू होतं का हे मिंट टाकण्याआधी तपासा. होत असेल, तर कॅडी बाहेर काढून मग मिंट टाका.

एक गंमत शेवटी दिसेल. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात, की घड्याळ साडेपाच तास मागे. दुपारचे चार वाजलेले असताना विंडोज सकाळचे साडेदहा दाखवतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. बॅटरीचा सेल बदलून काही होत नाही. वेळ चुकीची असेल तर डिजिटल सही आणि बँकेची पानं अडून बसतात, म्हणून हे लगेच मिटवा : मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला मिंटला एकदा टर्मिनलमधून सांगावं लागतं. ते कसं, हे पुढच्या भागात कृतीदेवमधल्या जुन्या अर्जांसोबत पाहू.